दोरी ओढणारीचं नाव

आम्ही मीरा रोडच्या नया नगरमधल्या बायका बोलतोय. मीरा रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की थोडं चालल्यावर आमच्या गल्ल्या सुरू होतात. आमच्या गटात कुणाचं माहेर सिंधुदुर्गात आहे, कुणाचं रत्नागिरीत, कुणाचं मराठवाड्यात, तर कुणाचं थेट उत्तर प्रदेशात. बऱ्याच जणींच्या घरी शिलाई मशीन आहे आणि त्यावरच महिन्याचा थोडाफार खर्च निघतो.

एका बैठकीला आम्ही ठरवलं, की प्रत्येकीने घरातली सगळ्यात जुनी लाकडी वस्तू घेऊन यायची. कोकणातल्या ताईने आजीचा कुंकवाचा करंडा आणला. लाल-पिवळ्या रंगाचा, झाकणावर छोटासा कळस असलेला. तिच्याच शेजारी बसलेल्या आपाने तिच्या नानीची सुरमादानी आणली. तीही लाकडाचीच, हिरवी-काळी. दोन्ही वस्तू सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि कुणीतरी सहज उलटून पाहिल्या. दोन्हींच्या तळाशी एकात एक अशी गोल वळी होती आणि मधोमध एक बारीक ठिपका. जणू एकाच कारागिराच्या हातून उतरल्या असाव्यात.

ती वळी म्हणजे कातकामाची खूण. लाकूड गरगर फिरवायचं, त्याला पटाशी लावायची आणि गोल आकार काढायचा, हे ते काम. ते करणारा तो कातारी. ज्या यंत्रावर करतात त्याला पुस्तकात कातयंत्र म्हणतात, कारखान्यात सगळे लेथ म्हणतात. तुमच्या घरातलं लाटणं, ताकाची रवी, पोराचा भोवरा, जुन्या पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, भातुकलीतलं लाकडी जातं, हे सगळं कातकामच. एखादीचं नाक-तोंड रेखीव असलं तर आपण कातीव चेहरा म्हणतो, तो शब्दही इथलाच.

या कातकामाचा इतिहास आम्ही थोडा वाचला, थोडा विचारून घेतला, आणि स्वतः थोडं करूनही पाहिलं. तोच आज तुम्हाला सांगणार आहोत.

आधी यंत्र कसं होतं ते समजून घेऊ. त्यासाठी कारखान्यात जायला नको, ताक घुसळणारी बाई डोळ्यांसमोर आणा. रवीच्या दांड्याला दोरीचे दोन-तीन वेढे असतात. दोरीचं एक टोक उजव्या हातात, दुसरं डाव्या हातात. एक ओढलं की रवी इकडे फिरते, दुसरं ओढलं की उलटी फिरते. आता ही रवी आडवी झोपवा. तिच्या दोन टोकांना दोन खुंट्यांचा आधार द्या. रवीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवा. झालं जुनं कातयंत्र! आपल्या देशात पिढ्यानपिढ्या असंच यंत्र चालत आलं. कुठे कारागीर एका हाताने धनुष्यासारखी कमान पुढे-मागे करायचा आणि दुसऱ्या हाताने पटाशी धरायचा. पायाच्या अंगठ्याचाही आधार घ्यायचा. पण ठोकळा मोठा असला की एकट्याला जमत नसे. मग दोरी किंवा चामड्याची वादी ओढायला दुसरं माणूस समोर बसायचं.

या यंत्राची एक अडचण होती. लाकूड एकदा सुलट फिरायचं आणि एकदा उलट. सुलट फिरताना पटाशी कापते, उलट फिरताना कापत नाही. म्हणून कातारी सुलट फेऱ्याला पटाशी टेकवायचा आणि उलट फेऱ्याला किंचित मागे घ्यायचा. दोरी ओढणाऱ्याचा आणि पटाशी धरणाऱ्याचा ताल जुळावा लागे. ओढणाऱ्याने मध्येच हिसका दिला तर पटाशी लाकडात रुतायची आणि ठोकळा वाया जायचा. म्हणजे करंडा एकाचा नव्हता, दोघांचा होता.

दोरी ओढायला कोण बसायचं? घरातलंच माणूस. मोठं पोर, धाकटा भाऊ, नाहीतर बायको. आमच्या कोकणातल्या ताईची आजी सांगायची, की पावसाळ्यात शेतीचं काम उरकून आली की ती संध्याकाळी वादी ओढायला बसे. हात भरून यायचे. पण कुणी विचारलं, तू काय करतेस, तर ती म्हणायची, "मी काय करणार, हे करंडे करतात, मी नुसती दोरी ओढते." हे वाक्य ताईने सांगितलं आणि आमची बैठक जरा वेळ गप्पच झाली. कारण आमच्यातल्या कितीतरी जणी हेच म्हणतात. मी काय, नुसती काजं-बटणं करते. मी काय, नुसते धागे कापते.

महाराष्ट्रात लाकडी कातकाम आणि रंगकाम म्हटलं की पहिलं नाव येतं सावंतवाडीचं. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं मोती तलावाकाठचं हे गाव. तिथल्या चितार आळीत आजही लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. लाकडी आंबे, केळी, वांगी, भोवरे, भातुकलीचे संच, पाट, देव्हारे. चितारी म्हणजे चित्रं आणि रंगकाम करणारे कारागीर, त्यांच्यावरून आळीचं नाव पडलं. भोसले राजघराण्याने, विशेषतः 1755 ते 1803 या काळात राज्य केलेल्या तिसऱ्या खेम सावंतांनी कलावंतांना आश्रय दिला. इथेच गंजिफा नावाचे गोल, हाताने रंगवलेले पत्ते होत. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी 12 अशी 120 पानं असतात.

पुढे छापील पत्ते आले, पत्र्याची आणि मग प्लॅस्टिकची खेळणी आली, आणि ही कला जवळजवळ विझायला आली. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि 1971 च्या सुमारास राजवाड्यातच काम सुरू केलं. राणी स्वतः कुंचला धरून बसत आणि तरुण मुलामुलींना शिकवत. पुढे राजवाड्यातल्या दालनात बसून रंगकाम करणाऱ्यांत बायकाही दिसू लागल्या. कुंचला बाईच्या हातात आला. पटाशी मात्र सहसा पुरुषाकडेच राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता करंड्यावर तो चकचकीत रंग कसा येतो ते पाहू. ती लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच करतात. ती लाख खरवडून, शुद्ध करून, तिच्यात रंग मळून कांड्या करतात. लाखेच्या बांगड्या आपण घालतो, तीच ही लाख. लाकूड कातून गुळगुळीत झालं की ते फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी दाबून धरायची. घासण्याने ऊब येते, लाख वितळते आणि लाकडावर चढत जाते. मग केवड्याचं सुकं पान दाबून धरायचं, की ती सारखी पसरते आणि आरशासारखी चमकते. ना ब्रश लागतो, ना वाळायला वेळ. करंडा यंत्रावरून उतरतो तो तयारच.

कर्नाटकात बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण आहे. तिथेही हेच काम चालतं. तिथलं लाकूड म्हणजे आपल्याकडचा काळा कुडा. टिपू सुलतानाने इराणातून कारागीर बोलावले आणि तिथे हे काम रुजलं, असं तिथे सांगतात. सिंधमधल्या हाला गावच्या आणि पंजाबातल्या पाकपट्टण, होशियारपूरच्या डब्याही अशाच प्रसिद्ध होत्या. तिथे एक नामी युक्ती होती. डबीवर आधी पिवळी लाख चढवायची, तिच्यावर लाल, तिच्यावर हिरवी, सगळ्यात वर काळी. मग टोकदार सळईने अलगद खरवडायचं. हलकं खरवडलं तर हिरवी रेघ, जरा खोल गेलं तर लाल, आणखी खोल गेलं तर पिवळी. याला नक्शी म्हणत. ढगासारखे ठिपके उठवण्याला अब्री म्हणत. आपाची सुरमादानी आम्ही उन्हात धरून पाहिली, तर काळ्याखालून हिरवी वेल उमटलेली होती. तिला वाटायचं वरून रंगवलेली आहे. एवढ्या वर्षांनी तिला कळलं, की ती वेल आतून वर आलेली आहे.

आता जरा लांब, युरोपात जाऊन येऊ. तिथेही पूर्वी दोरीचंच यंत्र होतं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो द व्हिंची या चित्रकाराने एका यंत्राचं रेखाटन केलं. खाली पायटा, त्याला जोडलेला वाकडा दांडा आणि एक जड चाक. पायटा दाबला की चाक फिरतं, आणि जडपणामुळे एकाच दिशेने फिरत राहतं. उलट फेरा गेला! मैत्रिणींनो, हे यंत्र तुम्ही सगळ्यांनी चालवलेलं आहे. पायाची शिलाई मशीन ती हीच. सिंगरचं पेटंट 1851 चं आहे. पायटा, चाक आणि पट्टा ही कातयंत्राचीच जुनी करामत शिवणाच्या कामाला आली. म्हणून आम्ही म्हणतो, ज्या बाईला शिलाई मशीनचा पायटा जमतो, तिला कातयंत्र परकं नाही.

यंत्र एका दिशेने आणि एका लयीत फिरू लागल्यावर तिथल्या श्रीमंत लोकांना त्याचा नाद लागला. रशियाचा झार पीटर स्वतः लेथवर बसायचा. त्याच्यासाठी आंद्रेई नार्तोव्ह नावाच्या कारागिराने खास यंत्रं बनवली. लंडनमध्ये होल्ट्झॅफल नावाच्या घराण्याने 1795 पासून नक्षीदार कातकामाचे लेथ विकायला काढले. साध्या सुताराच्या आवाक्याबाहेरची किंमत! अडीच हजारांच्या आसपास यंत्रं त्यांनी विकली, तीही बहुतेक सरदार-जमीनदारांना. ते त्यावर हस्तिदंताच्या आणि काळ्या शिसवीच्या लहान डब्या करत. डबीवर पाकळ्या, जाळ्या, टोपलीची वीण, माशाचे खवले, इतक्या बारीक रेघा की हाताने केल्या असं वाटू नये. हस्तिदंतापायी किती हत्ती गेले याची मोजदाद नाही. आपल्याकडे 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि पुढे हस्तिदंताचा धंदा पूर्ण बंद झाला, हे चांगलंच झालं.

या नक्षीचा एक नमुना तुमच्या बटव्यात आहे. एखादी नोट काढून बघा. तिच्यावर एकमेकींत गुंतलेल्या नागमोडी रेघांची बारीक जाळी दिसेल. नकली नोट करणाऱ्याला ती काढणं कठीण जावं म्हणून असते. अशी जाळी पूर्वी खास नक्षीच्या लेथवर धातूच्या ठशात कोरत असत. आपल्या नाशिकला 1928 पासून नोटा छापल्या जातात. आता ती जाळी संगणकावर काढतात, पण तिचं माहेर कातयंत्रच.

मग आम्हाला प्रश्न पडला. आपल्याकडच्या डबीवर रंगाची नक्षी आणि तिकडच्या डबीवर कोरीव नक्षी, असं का? आमचे कारागीर काय कमी होते? आम्हाला जे उमगलं ते असं. दोरीच्या यंत्रावर लाकूड सतत उलटसुलट होतं, त्यावर एकसारख्या 60 रेघा कोरणं अवघड. शिवाय सावंतवाडीला खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरतात. ते कातायला मऊ, पण बारीक कोर काढली तर तिची कड भुगा होते. मग कारागिराने शोभा लाखेतून आणली. हाताशी जे होतं त्यातून त्याने सर्वात सुंदर तेच केलं.

आम्हाला मात्र दोन्ही एकत्र करून बघायची हौस आली. ओळखीच्या सुतारकाकांच्या गाळ्यात विजेवर चालणारा एक जुना लाकडाचा लेथ पडून होता. काका म्हणाले, "बघा करून, मोडू नका म्हणजे झालं." नक्षीचा परदेशी लेथ कुठून आणणार? साध्याच लेथमध्ये काय बदल करायचा ते आम्ही शिकून घेतलं. ते तुम्हाला सांगतो, तुमच्या गावच्या सुतारालाही सांगता येईल.

साध्या कातकामात लाकूड फिरतं आणि पटाशी थांबलेली असते. नक्षीत याच्या उलट. लाकूड थांबतं आणि कापणारं पातं फिरतं. म्हणून तीन गोष्टी लागतात.

पहिली म्हणजे भोकांची थाळी. लेथच्या फिरत्या दांड्यावर एक गोल पत्रा घट्ट बसवायचा. त्याच्या कडेने सारख्या अंतरावर भोकं, आणि एक खिळ जी भोकात अडकली की दांडा हलत नाही. समजा 60 भोकं आहेत. दर पाचव्या भोकावर खिळ अडकवली तर 12 पाकळ्या होतात, दर दहाव्यावर 6, दर पंधराव्यावर 4. रांगोळीत गोल काढून आपण 12 पाकळ्या पाडतो ना, तेच गणित. आमच्या शेजारच्या भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यामुळे गोल पत्रा मिळायला त्रास पडला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फिरतं पातं. हातात मावणारी छोटी मोटर आणि तिच्या टोकाला गोल धारेचं पातं.

तिसरी गोष्ट म्हणजे सरकती बैठक. मोटर हातात धरली तर हात हलतो, म्हणून ती अशा बैठकीवर आवळायची जी स्क्रूने सरळ पुढे-मागे सरकते. पुढे एक अडसर ठेवायचा, म्हणजे पातं दर वेळी तेवढंच खोल जातं.

डबी आधी नेहमीसारखी कातायची. मग लेथ बंद करायचा, त्याची वायर काढून ठेवायची. खिळ भोकात, पातं पुढे, एक खाच. पातं मागे, खिळ काढा, पाच भोकं पुढे, पुन्हा खाच. बारा वेळा केलं की फूल पूर्ण. ताकद काहीच लागत नाही. लागतं ते ध्यान. मोजताना बोलायला लागलात की फूल बिघडलं!

आमची फुलं बिघडलीच. पहिली डबी आम्ही पांगाऱ्याची घेतली, तिच्या पाकळ्यांच्या कडा झडल्या. मग फर्निचरवाल्याकडे उरलेले शिसवीचे तुकडे आणले, त्यावर रेघ स्वच्छ उठली. दुसऱ्या वेळी आम्हाला माशाच्या खवल्यांची नक्षी हवी होती. त्यात पहिल्या ओळीच्या दोन पाकळ्यांच्या बरोबर मधोमध दुसऱ्या ओळीची पाकळी यावी लागते. 12 पाकळ्यांसाठी आम्ही पाच-पाच भोकं मोजत होतो, आणि पाचाचं अर्ध अडीच! अर्ध्या भोकात खिळ कशी जाणार? तेव्हा समजलं, की थाळी करायच्या आधीच गणित करायला हवं होतं. नवी थाळी 72 भोकांची केली. आता दर सहाव्या भोकावर पाकळी आणि अर्ध्यावर तीन. ही चूक आमच्यातल्या सातवी शिकलेल्या बाईने पकडली, ती रोज शर्टाच्या काजांची अंतरं मोजते.

तिसरी चूक झाकणाची. मे महिन्यात झाकण छान टपकन बसायचं. जुलैत ते उघडेना. लाकूड पावसाळी हवेने फुगलं. जुने कातारी लाकूड नीट वाळवायचे, डबी आधी जाडीभरडी कातून काही आठवडे तशीच ठेवायचे आणि मग शेवटचा हात फिरवायचे, ते उगाच नाही. झाकण जरा सैलच ठेवावं. आतूनही तेल किंवा लाख लावावी, म्हणजे दोन्हीकडून लाकूड सारखी हवा खातं.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. लेथ फिरत असताना पदर, दुपट्टा, सैल बाही, मोकळी वेणी, बांगड्या यांपैकी काहीही त्याच्या जवळ नको. पदर खोचायचा, दुपट्टा काढून ठेवायचा, केस बांधायचे. डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला फडकं हवंच, कारण शिसवीचा भुसा अंगाला खाज आणतो आणि छातीत जातो. आणि शिसव स्वतःच्या बांधावरची असली, तरी वनखात्याची परवानगी विचारल्याशिवाय तोडायची नाही.

आता त्या राहिलेल्या गोष्टीकडे येऊ. पटाशी पुरुषाकडेच का राहिली?

जुन्या काळी सांगत, हे जोराचं काम आहे, बाईला झेपणार नाही. पण जोर कशाला लागत होता? दोरी ओढायला! आणि ती तर बाईच ओढत होती. पटाशी धरायला लागते ती सवय आणि नजर. म्हणजे जोराचं काम बाईकडे आणि कसबाचं काम पुरुषाकडे, आणि वर कारण सांगायचं जोराचं.

मोटर आली तेव्हा दोरी गेली. दोरीबरोबर दोरी ओढणारीचं कामही गेलं. तिचे हात दुखायचे थांबले, ही चांगली गोष्ट. पण जिथे तिला पटाशी शिकवली गेली नाही, तिथे ती यंत्राजवळून उठली आणि घरात गेली. जिथे शिकवली, तिथे वेगळंच झालं. चन्नपट्टणात विजेचे लेथ आले, प्रशिक्षण मिळालं, आणि आज तिथे कितीतरी बायका स्वतः लेथवर बसून खेळणी कातातात, लाख चढवतात. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा तोफगोळ्यांच्या कारखान्यांतले लेथ बायकांनीच चालवले. त्याच काळातल्या लेडी गर्ट्रूड क्रॉफर्ड नक्षीच्या कातकामात बक्षिसं मिळवत, आणि 1918 मध्ये तिथल्या हवाई दलाच्या महिला विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. यंत्र तेच, फक्त ते कुणाला शिकवलं जातं एवढाच फरक.

हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका, कारण आजही एका कागदावर हाच प्रश्न येतो. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतारकाम आहे, बाहुल्या आणि खेळणी बनवणं आहे, कुंभार, लोहार, शिंपी, टोपल्या-झाडू करणारे आहेत. नाव नोंदलं की कारागीर म्हणून ओळखपत्र, प्रशिक्षण, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि कमी व्याजाने पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज. चांगली योजना आहे. पण तिचा एक नियम नीट ऐका. एका कुटुंबातल्या एकाच माणसाचं नाव नोंदता येतं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं.

म्हणजे फॉर्म भरताना घरात ठरवावं लागतं, की कारागीर कोण. आणि बहुतेक घरांत हे न बोलताच ठरलेलं असतं. कुंभाराच्या घरी माती तुडवणारी, मळणारी आणि मडकी उन्हात फिरवणारी बाई असते, नाव चाक फिरवणाऱ्याचं. लोहाराच्या घरी भाता ओढणारी आणि कधी घणही घालणारी बाई असते, नाव त्याचं. विणकराच्या घरी कांड्या भरल्याशिवाय माग हलत नाही, आणि कांड्या भरते ती. आम्ही काही म्हणत नाही की प्रत्येक घरात तिचंच नाव लागलं पाहिजे. जो खरोखर ते काम करतो त्याचं लागावं. पण निदान एकदा चहा घेत बसून बोलणं तरी व्हावं. आमच्यातल्या दोघींच्या घरी असं बोलणं झालं. एका घरी शिंपी म्हणून तिचं नाव लागलं, कारण नवरा रिक्षा चालवतो आणि मशीन तिचीच आहे. दुसऱ्या घरी नवऱ्याचंच लागलं, पण तो म्हणाला, पैसे आले की दुसरी मशीन तुझ्यासाठी. ते होतं की नाही, ते आम्ही बघणार आहोत.

मैत्रिणींनो, आमची डबी अजून बाजारात नेण्यासारखी झालेली नाही. झाकण बसतं, फूल बारा पाकळ्यांचं येतं, लाख मात्र कुठे जाड चढते, कुठे पातळ. सुतारकाका म्हणतात, हात बसायला वर्ष लागेल. लागू दे. तळाशी ती गोल वळी आणि मधला ठिपका आमच्याही डबीला आला आहे. कोकणातल्या ताईने तिच्या पहिल्या डबीत कुंकू ठेवलं आणि आपाने तिच्या डबीत वेलची.

तुमच्या गटाला एक काम सांगतो. येत्या बैठकीला एकेका घरातली एक जुनी, हाताने केलेली वस्तू आणा. ती कुणी केली ते विचारा. उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न विचारा: त्यांच्याबरोबर दोरी कोण ओढत होतं? ते नाव गटाच्या वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत पहिलं नाव ताईच्या आजीचं आहे, आणि त्यापुढे आम्ही लिहिलं आहे, कातारीण.

नमस्कार, खुदा हाफिज.